गाठीवरचा बिब्बा

साखरा गावात कुणी मेंढी विकत घ्यायला आलं, की मसाजी आधी त्याला घोंगडीवर बसवायचा, मग भाव सोडून जगातल्या सगळ्या गोष्टी बोलायचा आणि शेवटी बायकोला हाक मारायचा. बोलणं त्याचं, पारख नर्मदाबाईची. ती यायची, मेंढीच्या कमरेवर कण्याच्या दोन्ही अंगांनी बोटं ठेवायची, अंगठा एकदा दाबायची आणि सांगून मोकळी व्हायची: हिला चरबी धरलीय, ही नुसती लोकरीनं फुगलीय, हिच्या पोटात जंत आहेत, घेऊ नका. आपलीच मेंढी विकायला काढलेली असताना 'घेऊ नका' म्हणणारी बाई संसाराला काय कामाची, असं मसाजी कुरकुरायचा. पण गिऱ्हाईक त्याच बाईसाठी परत यायचं, हेही त्याला कळत होतं. "हिचा हात खोटं बोलत न्हाई," असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, जणू काही तो हात त्यानंच घडवला होता.

त्याच हाताला तिची स्वतःची गाठ लागली.

दोन हजार चारचा हिवाळा होता. सकाळी मेंढरं बाहेर काढताना एका माजलेल्या एडक्यानं तिच्या छातीवर धडक दिली. तिनं त्याला दोन शिव्या हासडल्या, दुखरी जागा चोळली, आणि चोळता चोळता हात थांबला. डाव्या अंगाला, आत, बोराच्या बीएवढं काहीतरी होतं. दाबलं तर हलत नव्हतं आणि दुखतही नव्हतं. धडक बसलेली जागा दुखत होती, पण ती त्याच्या चार बोटं वर.

मसाजीनं निदान करायला वेळ लावला नाही. एडक्याच्या मारानं रक्त गोठलं, दुसरं काय. पुढच्याच बाजाराला त्यानं एडका सेनगावला नेऊन विकला आणि न्याय झाला असं समजून घरी आला. एडक्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. गाठ आधीपासूनच होती. त्या बिचाऱ्यानं धडक दिली म्हणून ती सापडली. खरं तर त्याचे उपकार मानायचे. पण हे डॉक्टरांकडून कळेपर्यंत एडका कुणाच्या तरी नवसाच्या कंदुरीत शिजूनही गेला होता.

दोन महिने नर्मदाबाईनं त्या गाठीवर हळदीत वाटलेला एरंडाचा पाला बांधला. तिच्या आईनं शिकवलेला लेप होता तो, मेंढीलाही चालायचा आणि माणसालाही. गाठ बोराएवढी झाली तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरनं तिला औरंगाबादला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एका तरण्या डॉक्टरनं पदर बाजूला केला, लेप बघितला आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांच्या देखत विचारलं, की हे शेण कुणी थापलंय. शेण नव्हतं ते. गाठीच्या भीतीपेक्षा तो शब्द तिला जास्त झोंबला. तिनं त्याच दिवशी कानाला खडा लावला: डॉक्टरांना सगळं सांगायचं, पण घरी काय लावलं ते सांगायचं नाही.

कॅन्सरच निघाला. डावा स्तन काढला. मग सलाईनमधून औषधं झाली, डोक्यावरचा शेवटचा केस गेला, त्यानंतर पाच आठवडे मशीनचा शेक. हे सगळं सोसून दोन हजार पाचच्या दिवाळीत ती घरी आली. ती मेल्याची बातमी गावात तोवर दोनदा पसरून गेली होती, त्यामुळं बायका भेटायला आल्या त्या जरा बिचकतच आल्या.

जीव वाचला, पण हात अडकला. शेकानं छातीचं कातडं फासळ्यांना चिकटलं, ताणलेल्या चामड्यासारखं कडक झालं, आणि डावा हात खांद्याच्या वर जाईना. कोकरू उचलून मानेवर घेता येईना. कातरणीच्या वेळी मेंढी दाबून धरता येईना. एवढंही चालून गेलं असतं. पण केस परत आले, पहिल्यापेक्षा दाट आले, आणि तिला स्वतःचा अंबाडा बांधता येईना. एका हातानं अंबाडा बांधून बघावा कुणीतरी. रोज सकाळी सून दिपाली मागं बसायची, तेल लावायची, केस वळून गाठ मारायची आणि एक शब्द न बोलता चुलीकडं जायची. दिपाली दहावी झालेली, कामाला वाघीण, बोलायला अर्धी. तिचं काही चुकत नव्हतं. पण शेकडो मेंढरं वाढवलेली बाई पाच मिनिटं शाळेतल्या पोरीसारखी मान पुढं करून बसायची, त्या पाच मिनिटांचा नर्मदाबाईला रोज राग यायचा. तीन वर्षं रोज आला.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात ती तपासणीला गेली, तेव्हा दवाखान्यात एक नवी डॉक्टरीणबाई आलेली होती. कातडं, जखमा, भाजलेली माणसं नीट करणारी. तिनं नर्मदाबाईचा हात वर करायला लावला, तो कुठं अडकतो ते बघितलं, मग तिच्या पोटावरची वळी चिमटीत धरली. आयुष्यभर मेंढरांमागं चालून नर्मदाबाईच्या पोटावर कधी मांस चढलं नव्हतं. आजारपणात घरी बसून चढलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, ही चरबी बारीक नळीनं काढू आणि सुईनं थेंब थेंब करून छातीच्या कातड्याखाली भरू. कातडं सुटं होईल, हात वर जाईल, आणि थोडाफार आकारही येईल. कलम केल्यासारखंच आहे, ती म्हणाली. काही धरते, काही मरून जाते, म्हणून पुन्हाही भरावी लागेल.

मसाजी तेव्हा सोबत होता. चरबीचा विषय निघाल्यावर तो सरसावून बसला, कारण दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्याला कळणारं काहीतरी चाललं होतं. पण डॉक्टरीणबाई थांबली आणि म्हणाली की एक गोष्ट आधी सांगायला हवी.

"चरबीत नव्या पेशी उगवणारं बी असतं. त्यामुळंच कातडं सुधारतं. पण काही डॉक्टरांना शंका आहे, की छातीत कॅन्सरची एखादी पेशी झोपून राहिली असेल, तर हे बी तिला जागं करील. आतापर्यंत ज्या बायकांना चरबी भरली त्यांच्यात तसं दिसलेलं नाही. पण त्या बायका थोड्या आहेत, आणि वर्षंही थोडीच झालीत."

"म्हंजे व्हतंय का न्हाई?" मसाजीनं विचारलं.

"माझ्या मते नाही. पण पक्कं माहीत नाही."

मसाजीनं आजवर चुकणारे डॉक्टर पाहिले होते, ओरडणारे पाहिले होते. माहीत नाही म्हणणारा एकही पाहिला नव्हता. त्याला वाटलं ही बाई शिकाऊ आहे. डॉक्टरीणबाईनं पुढं अजून सांगितलं, की मेलेल्या चरबीची कधी कधी कडक गाठ होते आणि ती त्या दुसऱ्या गाठीसारखीच लागते. याच भीतीनं परदेशातल्या डॉक्टरांनी पुष्कळ वर्षं हे काम बंदच ठेवलं होतं. तशी गाठ लागली तर घाबरू नका, पण लगेच या.

परतीच्या एस.टी.त ही दोन वाक्यं नर्मदाबाईच्या डोक्यात एकमेकांना ढुशा देत राहिली. घाबरायचं नाही तर लगेच काहून यायचं? आणि लगेच यायचं असेल, तर मग घाबरायचं नाही तर काय करायचं? जिंतूरपर्यंत मसाजी तिला समजावत होता, की रोगट मेंढीला कधी चरबी धरत नाही, म्हणजे चरबी असली की रोग नाही, हे सरळ आहे. जिंतूरला चहा प्याल्यावर त्याला आठवलं, की अंगाबाहेर चरबी चढलेली मेंढी कधी कधी उभ्या उभ्या मरते. मग तो सेनगावपर्यंत गप्प बसला.

ठरवायचं तिनंच होतं आणि तिनं ठरवलं. कारण विचारणाऱ्यांना ती सांगायची की मेंढरांचं काम होत नाही. खरं कारण अंबाडा होता, आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती.

दिवाळीआधी चरबी भरली. महिनाभर सूज होती, मग ती उतरली आणि छातीच्या सपाट, खडबडीत जागी काहीतरी मऊ, गोलसर उरलं. पोटाची चरबी छातीवर येऊन बसली, याचं तिला हसूही आलं. पण ते झोपलेलं डोक्यातून जाईना. आत काहीतरी निजलंय आणि ते उठता कामा नये, एवढंच तिनं धरून ठेवलं. ती डाव्या कुशीवर निजेनाशी झाली. मेंढरांना हाळी द्यायची तर तोंड उजवीकडं फिरवून द्यायची. मसाजी शिंकला तरी ती त्याच्याकडं रागानं बघायची, आणि त्याला काय चुकलं तेच कळायचं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला आंघोळ करताना बोटांना गाठ लागली. त्या मऊ भागाच्या खालच्या कडेला, हरभऱ्याएवढी, कडक.

आता तिला आठवेल तेवढं सगळं ती आठवू लागली. पहिली गाठ दुखत नव्हती, आणि न दुखणारीच वाईट असते असं तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे ही दुखायला हवी. तिनं दाबून बघितली. दुखल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी दाबली तर दुखली नाही. मग ती सकाळी दाबायची, दुपारी मेंढरांमागं बसल्या बसल्या दाबायची, पाण्याला गेली की दाबायची. पंधरा दिवसांत ती जागा खरंच ठणकायला लागली. तिला एवढा आनंद झाला की तिनं त्या दिवशी पुरणपोळी केली. संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं, की दगडसुद्धा पंधरा दिवस दाबला तर बोटं दुखतील. मग पुरणपोळी तशीच ताटात राहिली.

तिनं मसाजीला सांगितलं. त्यानं हात लावला नाही, त्याचं धाडस झालं नाही. मेलेली चरबी असती तर वास आला असता, एवढं मात्र तो म्हणाला, आणि वास येत नाही म्हटल्यावर स्वतःच घाबरला.

सगळ्यात वाईट होता तो पस्तावा. जीव परत मिळाला होता. तो पुरला नाही. अंबाडा पाहिजे होता. आपणच हाव धरली, आपणच आपल्या पोटातलं बी काढून त्या झोपलेल्याच्या उशाशी नेऊन ठेवलं, असं तिला दिवसभर वाटायचं. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, की डॉक्टरीणबाईनं सांगितलंच होतं, मेलेल्या चरबीची गाठ होते. ती आतून रडकुंडीला आलेली असायची आणि वरून मेंढरांना शिव्या देत असायची.

दवाखान्यात जा, असं दिपाली दोनदा म्हणाली. कातरणी झाल्यावर जाऊ, असं नर्मदाबाई दोनदा म्हणाली. आणि मग तिनं स्वतःच्या डोक्यानं एक मार्ग काढला. गोठलेली चरबी ऊब लागली की वितळते, हे चुलीजवळ बसणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मेंढीचा सांधा सुजला की घरी त्यावर बिब्बा लावायचे: बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, त्यातून काळं, जळजळीत तेल सुटतं, त्याचे ठिपके सुजेवर द्यायचे. सूज बसते. तर मग चरबीची गाठ असेल ती बिब्ब्यानं वितळेल. आणि वितळली नाही, तर ती चरबी नव्हती. एका फटक्यात औषधही आणि परीक्षाही. हिशेब तसा वाईट नव्हता.

फक्त एक गोष्ट ती विसरली. ठणकायचं ते आत, ऑपरेशननंतर तिथल्या वरच्या कातड्याला संवेदनाच राहिली नव्हती. बिब्बा पोळला की माणूस आपोआप थांबतो. तिला पोळलंच नाही. लागू पडत नाही असं समजून तिनं तीन दिवस ठिपक्यांवर ठिपके दिले. मग फोड आले, फुटले, काळी खपली धरली. खपली गेल्यावर खालचं कातडं लालभडक, जाड, संत्र्याच्या सालीसारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालं. गाठ जिथल्या तिथं होती. म्हणजे परीक्षेचा निकाल लागला होता, आणि तो कुणाला सांगायचीही तिची छाती होईना.

सकाळी तेल लावताना मानेवरून पदर सरकला आणि दिपालीनं ते बघितलं. तिनं काही विचारलं नाही. डोक्याचा अंबाडा बांधला, हात धुतले, मोबाईलवरून दवाखान्याला फोन लावला आणि नवऱ्याला, म्हणजे भारतला, जीप काढायला सांगितलं.

डॉक्टरीणबाईनं पदर बाजूला केला आणि तिचा चेहरा उतरला. नर्मदाबाईनं मेंढ्यांच्या डोळ्यांवरून पोटातलं ओळखलेलं होतं, माणसाचा चेहरा वाचणं त्यापेक्षा सोपं. डॉक्टरीणबाईनं गाठ चाचपली, लाल कातडं बोटानं दाबून बघितलं, काखेत हात घालून बघितलं.

"यावर काही लावलं होतं का?"

दिपालीनं सासूकडं पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. चार वर्षांपूर्वीचा खडा कानाला तसाच होता.

डॉक्टरीणबाई म्हणाली की सुई घालून गाठीचा तुकडा काढावा लागेल, तुम्ही बाहेर थांबा. मग ती सिस्टरला घेऊन दाराशी गेली आणि हळू आवाजात बोलली. हळू, पण मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसाच्या कानाला ते पुरेसं होतं: उद्याचं ऑपरेशन थांबवा, आधी हिचं काय निघतंय ते बघू.

बाहेरच्या बाकावर एक चाळिशीची बाई बसलेली होती. हट्टा गावची, नीलाबाई नाव. तिचाही डावा स्तन काढलेला, तिचाही हात अडकलेला, उद्या चरबी भरायची म्हणून दोन दिवस आधी येऊन भरती झालेली. सिस्टरनं तिला येऊन सांगितलं की उद्या होणार नाही, कदाचित होणारच नाही. आधी जिला भरली होती त्या बाईच्यात काहीतरी खोट दिसतेय. नीलाबाई भांडली नाही. तिनं फक्त मान हलवली आणि उजव्या हातानं डावं कोपर धरून बसून राहिली, जशी नर्मदाबाई तीन वर्षं बसायची. मग शेजारच्या बाईला काहीतरी सांगायचं म्हणून ती नर्मदाबाईला सांगायला लागली, की ती शाळेत खिचडी शिजवते, मोठं पातेलं उतरवता येत नाही म्हणून तिच्या जागी दुसरी बाई ठेवलीय, आणि ही चरबी भरली की परत कामावर या असं गुरुजी म्हणालेत.

नर्मदाबाईच्या मनात आलं: ती खोट असलेली बाई मीच, हे सांगावं का? सांगून काय उपयोग? आणि खरंच खोट असेल तर ऑपरेशन थांबलं हे या बाईच्या भल्याचंच झालं. आणि खोट बिब्ब्याची असेल तर? पण गाठ तर बिब्ब्याच्या आधीची. डोक्यात नुसता गुंता झाला. प्रवासात अंबाडा सैल झालेला, तो मानेवर टोचत होता. तिनं वैतागून दोन्ही हात मागं नेले, केस सोडले, पिळले, वळसा घातला आणि गाठ मारली.

नीलाबाई बोलायची थांबली होती.

"तुमचा हात वर जातो, माय?" तिनं विचारलं.

नर्मदाबाईचे दोन्ही हात अजून डोक्यामागंच होते. ते तिथंच राहिले. संक्रांतीपासून ती गाठ दाबत होती, बिब्बा लावत होती, उजवीकडं तोंड करून हाळी देत होती. आणि रोज सकाळी दिपाली सवयीनं मागं येऊन बसत होती, हीही सवयीनं मान पुढं करत होती. हात वर जातो का, हे बघायचं दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. ज्याच्यासाठी एवढा जीव टांगणीला लावला, ते कधीच येऊन बसलं होतं, आणि हिनं त्याला साधं विचारलंही नव्हतं.

तिला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. मग ती उठली, परवानगी न विचारता आत गेली. मागोमाग दिपालीही गेली.

"म्या बिब्बा लावलाय," ती म्हणाली. "तीन दिस. गाठीवर."

डॉक्टरीणबाईनं हातातला पेन खाली ठेवला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"व्हय."

"मग?"

"मागं एकानं शेण म्हनलं व्हतं."

डॉक्टरीणबाईला काही कळलं नाही. तेव्हा दिपालीनं, अर्ध्याच बोलणाऱ्या दिपालीनं, लेपाची सगळी गोष्ट सांगितली. तिनं ती घरात ऐकलेली होती. डॉक्टरीणबाईनं ती पुरती ऐकून घेतली. मग तिनं दिवा जवळ ओढून ते लाल कातडं पुन्हा बघितलं, किती दिवस झाले, किती ठिपके दिले, सगळं विचारलं, आणि कागदावर इंग्रजीत भराभर लिहिलं. एका ठिकाणी ती अडली. दिपालीनं वाकून पाहिलं, तर त्या सगळ्या इंग्रजीत एकच शब्द मराठीत होता: बिब्बा.

"कॅन्सर कातड्यात पसरला की ते असंच होतं, म्हणून घाबरले होते मी. आता कातडं कशानं लाल झालं ते कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण गाठ बिब्ब्यानं झालेली नाही. सुई घालावीच लागेल."

सुई घातली. पाच दिवस सासू-सून दवाखान्यामागच्या धर्मशाळेत राहिल्या. नीलाबाईही घरी गेली नाही, निकाल ऐकूनच जाईन म्हणाली, कारण खोट असलेली ती बाई नर्मदाबाईच, हे आता तिला कळलं होतं. त्या पाच दिवसांत नर्मदाबाईनं दिवसातून दहा वेळा अंबाडा सोडला आणि बांधला. दिपाली बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं तेलाची बाटली सासूच्या हातात दिली आणि स्वतः बाहेर उन्हात जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते नर्मदाबाईनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईनं नर्मदाबाईला आणि नीलाबाईला एकत्रच बोलावलं. गाठीत मेलेली चरबी निघाली होती. कॅन्सर नव्हता.

"म्हंजे ते जागं झालं न्हाई?" नर्मदाबाईनं विचारलं.

"या गाठीत तरी नाही."

"आन् दुसरीकडं?"

"दर सहा महिन्यांनी या. मी बघत राहीन." मग डॉक्टरीणबाई नीलाबाईकडं वळली आणि तिला तेच सगळं सांगितलं जे पावसाळ्यात मसाजीला सांगितलं होतं. बी, झोपलेली पेशी, थोड्या बायका, थोडी वर्षं, माझ्या मते नाही, पक्कं माहीत नाही. पाहिजे असेल तर सोमवारी करू. नको असेल तर तसं सांगा.

नीलाबाई बाहेर आली ती गोंधळूनच. बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. मग नर्मदाबाईला विचारलं, "तुमी सांगा माय. भरून घेऊ का मी?"

एवढ्या वर्षांत किती माणसांनी नर्मदाबाईला विचारलं होतं, ही घेऊ का, ती घेऊ का. तिनं कधी क्षणभर विचार केला नव्हता. आता तिला विचार करावा लागला.

"मला ठाऊक न्हाई, बाई," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईला ठाऊक न्हाई, मला कुटून आसंल."

मग तिनं नीलाबाईचा उजवा हात धरला, आपल्या पदराखाली नेला आणि त्या गाठीवर ठेवला.

"दाब. भिऊ नको, दाब. कशी लागते?"

"कडक."

"हलते का?"

"न्हाई."

"माझी पहिली बी अशीच व्हती. कडक, न हलणारी. ती कॅन्सर निघाली, ही चरबी निघाली." नर्मदाबाईनं तो हात तसाच धरून ठेवला. "माझ्या हातावर भरवसा ठेवून लोक मेंढ्या घेतेत. ह्या दोन गाठीतला फरक त्याला कळला न्हाई. तुला आली तर तू घरी दाबत बसू नको. हाताला कळत न्हाई. इकडं ये."

नीलाबाईनं मान हलवली. पण हात काढला नाही, अजून थोडा वेळ तो तिथंच राहू दिला.